रात्री ८:४६ च्या आधी

१३ ऑगस्ट २०११ च्या रात्री अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात, इंडियाना राज्याच्या वार्षिक जत्रेत, गाण्याच्या मंचावरचं छत वाऱ्याने कोसळलं. सात माणसं गेली, अठ्ठावन्न जखमी झाली. छत भाड्याचं होतं. ट्रस, खांब, ताणाचे दोर, सगळं साहित्य ‘मिड-अमेरिका साउंड’ या कंपनीने जत्रेच्या आयोगाला भाड्याने दिलेलं. आपल्याकडे मंडप डेकोरेटर जे काम करतो तेच, फक्त बांबूच्या जागी ॲल्युमिनियम आणि कापडाच्या झालरीच्या जागी टनांनी वजनाचे दिवे आणि स्पीकर.

राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर मिच डॅनियल्स यांनी घटनेनंतर, वाऱ्याचा हा झोत आधी कुणाला कळणं शक्य नव्हतं, अशा अर्थाचं विधान केलं. त्या क्षणी शोकात बोललेल्या माणसाला फार धरू नये. पण पुढच्या आठ महिन्यांत कामगार सुरक्षा खात्याची आणि आयोगाने नेमलेल्या दोन बाहेरच्या संस्थांची चौकशी झाली, आणि त्या कागदांतून जे दिसतं ते झोताविषयी कमी आणि त्याआधीच्या दिवसांविषयी, तासांविषयी जास्त आहे.

चार आठवडे आधी

१७ जुलै २०११. कॅनडातल्या ओटावा शहरात ब्लूजफेस्ट नावाचा संगीत महोत्सव चालू होता. ‘चीप ट्रिक’ हे पथक वाजवत असताना वादळ आलं आणि मंचाचं छत मागच्या बाजूला कोसळलं. कलाकार वाचले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात ‘फ्लेमिंग लिप्स’ या पथकाचं दिव्यांचं साहित्य वाऱ्याने पडलं. तिथेही कुणी दगावलं नाही. दोन वर्षांपूर्वी, १ ऑगस्ट २००९ ला, अल्बर्टातल्या कॅमरोझ इथे असाच मंच कोसळून एक बाई मेली होती.

म्हणजे ज्याला हा धंदा करायचा त्याला ही बातमी नवी नव्हती. पण भाड्याच्या धंद्यात दुसऱ्याचा मंडप पडला की पहिला विचार येतो तो हाच, की त्याने नीट बांधला नसेल.

जत्रेच्या आधीचे दिवस

छताची रचना समजून घेणं भाग आहे, कारण पुढचं सगळं तिथेच ठरलं.

असं छत उभारताना आधी जमिनीवर ट्रसचा, म्हणजे दांड्या जोडून केलेल्या जाळीदार तुळयांचा, सांगाडा जोडतात, चारही बाजूंनी खांब उभे करतात आणि साखळीच्या मोटारींनी सगळं वर चढवतात. दिवे, पडदे, ध्वनीची यंत्रं छताला टांगतात. वजन खाली खेचतं, खांब ते पेलतात, इथवर अडचण नसते. अडचण आडव्या दिशेची. खांबांवर उभ्या असलेल्या या चौकटीला वाऱ्याने बाजूला ढकललं तर तिला धरून ठेवायला भिंत नाही, पाया नाही. धरून ठेवतात ते फक्त ताण. खांबाच्या डोक्यापासून तिरपे खाली आलेले दोर, आणि दोरांच्या टोकाला जमिनीत काहीतरी भक्कम.

आपल्याकडे टोकाला खुंट ठोकतात. इंडियानापोलिसमध्ये टोकाला काँक्रीटचे दुभाजक ठेवले होते, रस्त्याच्या कामावर दोन मार्गिकांमध्ये रचतात तसे. इंग्रजीत त्यांना जर्सी बॅरियर म्हणतात. ते जमिनीत पुरलेले नव्हते, नुसते ठेवलेले होते.

दुभाजक अवजड दिसतो. चार माणसांनी ढकलला तरी हलत नाही, म्हणून तो पुरेसा आहे असं वाटणं स्वाभाविक आहे. फसगत अशी की दोर तिरपा असतो. वारा छताला ढकलतो तेव्हा दोर दुभाजकाला एकाच वेळी दोन दिशांना ओढतो, थोडं आडवं आणि थोडं वर. वरच्या ओढीने दुभाजकाचं जमिनीवरचं दडपण कमी होतं. दडपण कमी झालं की घर्षण कमी होतं. आणि घर्षण हा एकच आधार, कारण खाली खुंट नाही. म्हणजे ज्या क्षणी आडवं बळ सर्वांत जास्त, नेमक्या त्याच क्षणी त्याला अडवणारी पकड सर्वांत कमी. हे उलटं गणित डोळ्यांना दिसत नाही. ते कागदावर मांडावं लागतं, आणि जमीन मातीची आहे की डांबराची, ओली की कोरडी, हे विचारून मांडावं लागतं.

तसं कुणी मांडलं नव्हतं. राज्याच्या कायद्यात अशा तात्पुरत्या मंचाच्या साहित्याची तपासणी करण्याचं बंधन तेव्हा कुणावरच नव्हतं. आयोगाने अभियंत्याच्या सहीचा कागद मागितला नाही, पुरवठादाराने दिला नाही. मंच उभारणारे कामगार होते ते रंगमंच कामगारांच्या संघटनेच्या स्थानिक शाखेमार्फत आलेले. त्यांना दोर कुठे बांधायचे ते ठाऊक होतं. दोराच्या टोकाला किती बळ येणार हे विचारायचं काम त्यांच्यापैकी कुणाचं, हे ठरलेलं नव्हतं.

इथे थोडं थांबतो. साहित्य भाड्याने देणाऱ्या कुठल्याही कंपनीचं सुरक्षा धोरण काढून पाहा. हेल्मेट घाला, जड वस्तू पाठीने नव्हे तर गुडघ्यांत वाकून उचला, ट्रकवर खुर्च्या रचताना पट्टे आवळा, जनरेटरला अर्थिंग करा, शिडीवर एकटे चढू नका, वरून विजेची तार जात असेल तर पाइप आडवा धरून न्या. सगळं योग्य, आणि हे न पाळल्याने दरवर्षी माणसं मरतात, विशेषतः लोखंडी पाइप उभा करताना उच्च दाबाच्या तारेला लागून. पण हे सगळे नियम सामान आणि माणूस यांच्यातले आहेत. सामान आणि आभाळ यांच्यातला नियम बहुतेक धोरणांत नसतो. किती वाऱ्याला कापड उतरवायचं, किती वाऱ्याला माणसं खाली घ्यायची, किती वाऱ्याला मैदान रिकामं करायचं, आणि हा वारा मोजायचा कुणी, कशाने, किती उंचीवर? डिलिव्हरी चलनावर ताटं किती, वाट्या किती, फुटल्यास दर काय, हे असतं. हा मंडप ताशी किती किलोमीटरच्या वाऱ्यापर्यंत उभा राहील, हा रकाना मी तरी आपल्याकडच्या चलनावर पाहिलेला नाही.

१३ ऑगस्ट, संध्याकाळ

शनिवार. ‘शुगरलँड’ या कंट्री संगीताच्या पथकाचा कार्यक्रम, त्याआधी सारा बरेलिस. हजारो लोक आलेले. मंचाला लागून, अगदी पुढे, उभं राहून ऐकणाऱ्यांची जागा. उत्साही चाहते तिथेच जमतात आणि छत पुढे पडलं तर ते तिथेच पडतं.

गडगडाटी वादळाचा अंदाज होता. जत्रेचे अधिकारी राष्ट्रीय हवामान सेवेच्या संपर्कात होते. त्या संध्याकाळी चार वेळा त्यांचं बोलणं झालं. ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवली पाहिजे. ते बेफिकीर नव्हते. फोन करत होते, ऐकत होते, टिपून घेत होते.

रात्री ८:००

हवामान सेवेने सांगितलं: गारांसह वादळ, वारा ताशी ४० मैल, म्हणजे सुमारे ६४ किलोमीटर, जत्रेच्या मैदानावर साधारण सव्वानऊला पोहोचेल.

आता हा आकडा हातात आला. ताशी ४० मैल. त्याचं करायचं काय?

तुलना करायला दोन आकडे लागतात. एक वारा किती येणार, दुसरा रचना किती सोसणार. पहिला आकडा सरकारी खात्याने फोनवर फुकट दिला. दुसरा आकडा त्या मैदानावर कुणाकडेही नव्हता. त्यामुळे ४० मैल म्हणजे घाबरायचं की नाही, हे माणसांनी आपापल्या अनुभवाने ठरवलं, आणि अनुभव सांगत होता की छत अजून कधी पडलेलं नाही.

आणखी एक गोष्ट या आकड्यात लपलेली असते. वाऱ्याचं बळ वेगाच्या वर्गाने वाढतं. वेग दुप्पट, तर बळ चौपट. पुढे जो झोत आला तो चौकशीत सुमारे ५९ मैलांचा ठरला. चाळिसावरून एकोणसाठ, ऐकायला दीडपट. छताला लागलेला धक्का मात्र दुपटीहून जास्त.

८:१५ ते ८:३०

सारा बरेलिस यांचं गाणं संपलं होतं. मंचावर सामानाची हलवाहलव. शुगरलँडची वेळ पावणेनऊच्या सुमाराची.

कार्यक्रम थोडा लांबवायचा का, यावर बोलणं सुरू झालं. जत्रेच्या कार्यकारी संचालक, राज्य पोलिसांचे कॅप्टन, कार्यक्रमाचं काम पाहणारा कंत्राटदार, पथकाचे प्रतिनिधी. निरोप इकडून तिकडे गेले. अखेर साधारण ८:५० ला सुरू करायचं असं ठरलं. कुणी कुणाला नेमकं काय विचारलं आणि कोण कशाला नको म्हणालं, यावर पुढे वकिलांनी भरपूर वाद घातला. मला त्या वादापेक्षा त्याचं कारण महत्त्वाचं वाटतं. विट असोसिएट्स या आपत्ती व्यवस्थापनातल्या संस्थेने चौकशी केली तेव्हा त्यांना आढळलं की कार्यक्रम थांबवण्याचा शेवटचा अधिकार कुणाचा, याविषयी त्या लोकांतच एकमत नव्हतं. आपत्तीची योजना होती, पण अपुरी. पोलिसांना वाटत होतं आयोग ठरवेल, आयोग पथकाला विचारत होता, पथकाला वाटत होतं जागा ज्याची त्याने सांगावं. आणि ज्याचं सामान त्या पुरवठादाराला कुणी विचारलंच नाही, किंवा विचारण्याची पद्धतच नव्हती.

लग्नाच्या मंडपात हेच घडताना आपण पाहतो. आभाळ भरून आलेलं असतं, मुहूर्त दहा मिनिटांवर. मंडपवाल्याचा पोरगा वधूपित्याकडे बघतो, वधूपिता भटजींकडे, भटजी घड्याळाकडे. “काका, कापड सोडू का?” एवढं विचारायलाही त्या पोराला तोंड नसतं, कारण पुढच्या लग्नाचं काम जाईल.

त्याच संध्याकाळी, इंडियानापोलिसच्या उत्तरेला काही मैलांवर फिशर्स गावात, कॉनर प्रेअरी या उघड्या मैदानावर इंडियानापोलिस सिम्फनी ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. वादळ तेच, हवामान सेवा तीच. त्यांनी कार्यक्रम थांबवला आणि लोकांना बाहेर काढलं. त्यांना काही गुप्त माहिती होती असं नाही. त्यांच्याकडे विजांचा आणि वादळाचा माग काढण्याची सोय होती, आणि ते जवळ आल्यावर काय करायचं हे कुणाला विचारावं लागत नव्हतं.

८:३९

राष्ट्रीय हवामान सेवेने मॅरियन काउंटीसाठी, म्हणजे इंडियानापोलिस ज्यात येतं त्या प्रशासकीय भागासाठी, तीव्र वादळाचा इशारा दिला. आता वारा ताशी ६० मैलांचा सांगितला होता. अंदाज आणि इशारा यांतला फरक इथे महत्त्वाचा. अंदाज सांगतो की येऊ शकतं. इशारा सांगतो की आलं आहे, आडोसा घ्या.

सात मिनिटं उरली होती. अर्थात हे आज आपल्याला माहीत आहे.

ऑगस्टात इंडियानापोलिसमध्ये सूर्य याच सुमाराला मावळतो. आभाळात अजून उजेड होता, आणि मैदानावर बसलेल्याला एका बाजूला काळं, एका बाजूला स्वच्छ असं दिसत होतं. पाऊस पडत नव्हता. वादळाची सगळ्यांत फसवी गोष्ट हीच. ढगातून खाली आदळलेली थंड हवा जमिनीवर पसरत ढगाच्या पुढे धावते, आणि पाऊस येण्याआधी ती येऊन पोहोचते. आपला वळीव असाच येतो, आधी धूळ, दारं आपटणं, वाळत घातलेले कपडे उडणं, मग थेंब. म्हणून पाऊस सुरू झाला की हलू, असं म्हणणारा माणूस वाऱ्याच्या बाबतीत नेहमी उशिरा हलतो.

वर ट्रसच्या उंचीवर दिवे सांभाळणारे कामगार आपल्या जागी होते. गाणं सुरू होणार म्हणजे त्यांनी वर असायलाच हवं. प्रेक्षकांना हलवण्याचा विचार चालू होता, पण यांना खाली बोलवण्यासाठी वेगळा निर्णय लागतो, आणि खाली उतरायला प्रेक्षकापेक्षा जास्त वेळ लागतो. वाऱ्याच्या योजनेत पहिली ओळ त्यांची असायला हवी. मैदान रिकामं करण्याच्या कितीतरी आधी, ज्या वाऱ्याला खालच्या माणसाची टोपीसुद्धा उडत नाही, त्या वाऱ्याला वरचा माणूस जमिनीवर.

८:४५

मंचावरून घोषणा झाली. वादळ येतंय, कार्यक्रम होईल अशी आम्हाला आशा आहे, पण बाहेर पडावं लागलंच तर जवळच्या अमुक इमारतींमध्ये जा, अशा अर्थाची. लोकांना जायला सांगितलं नाही. जावं लागलं तर कुठे जायचं, ते सांगितलं.

ही घोषणा पुन्हा पुन्हा वाचली की तिच्यातली अडचण कळते. ती बोलणाऱ्याची नाही. कार्यक्रम होणार आणि कार्यक्रम रद्द होणार, या दोन्ही बाजू सांभाळून कुणीतरी ती बोलायला दिली होती. ऐकणाऱ्याने त्यातलं सोयीचं ऐकलं. पुढच्या जागा मिळवायला दुपारपासून रांग लावलेला माणूस अशा वाक्यावर उठत नाही.

पोलिसांच्या माहितीनुसार या सुमारास लोकांना प्रत्यक्ष हलवायचं ठरत होतं. ते जाहीर झालं नाही.

८:४६

झोत आला. छतावरचं कापड फाटून उडालं. ताणांच्या टोकाचे दुभाजक जमिनीवरून सरकले. दोर सैल पडले, जोड वाकले, आणि अख्खी चौकट कलून प्रेक्षकांच्या पुढच्या गर्दीवर आली. प्रेक्षकांनी मोबाइलवर केलेलं चित्रण नंतर जगभर पाहिलं गेलं. कापड उडण्यापासून सगळं भुईसपाट होईपर्यंत काही सेकंदच जातात.

शुगरलँडचे कलाकार अजून मंचावर आलेले नव्हते.

सात मृतांपैकी दोघे कामावर होते. एक उंचावर दिवे सांभाळणारा, एक सुरक्षारक्षक. बाकीचे पाच तिकीट काढून आलेले.

८:४७ नंतर

पहिली मदत प्रेक्षकांनीच केली. चित्रणात माणसं पळून जाताना दिसतात आणि लगेच उलट्या दिशेने, ट्रसकडे, धावताना दिसतात. अंगावरचं ॲल्युमिनियम उचलायला शेकडो हात लागले. मोडलेल्या कुंपणाचे आणि खुर्च्यांचे तुकडे स्ट्रेचर म्हणून वापरले गेले. जत्रा दुसऱ्या दिवशी बंद राहिली आणि १५ ऑगस्टला शोकसभेनंतर पुन्हा सुरू झाली.

पाच दिवसांनी, १८ ऑगस्टला, बेल्जियममधल्या पुकेलपॉप महोत्सवात वादळाने मंडप आणि मंच पाडले. पाच माणसं गेली. एका उन्हाळ्यात चार ठिकाणी तोच प्रकार घडला. त्याला योगायोग म्हणायला मन धजावत नाही.

सहा महिन्यांनी, आणि आठ महिन्यांनी

फेब्रुवारी २०१२ मध्ये इंडियानाच्या कामगार सुरक्षा खात्याने दंड जाहीर केले. मिड-अमेरिका साउंडला ६३,००० डॉलर, कारण खात्याच्या मते कंपनीला नियम ठाऊक असूनही तिने ते पाळले नाहीत. कामगार संघटनेच्या शाखेला ११,५०० डॉलर. संघटना चकित झाली, कारण ती स्वतःला मालक मानत नव्हती. खात्याने म्हटलं, कामगार तुम्ही पाठवता, कामाची देखरेख तुम्ही करता, मग मालक तुम्ही. दोर बांधताना जमीन कशी आहे याचा विचार न करणं आणि उंचावरून पडण्यापासून कामगारांना संरक्षण न देणं, हेही संघटनेच्या नावावर लागलं. जत्रेच्या आयोगाला ६,३०० डॉलर, कार्यक्रमाच्या जागेचा धोका न तपासल्याबद्दल. तिन्ही मिळून ८०,८०० डॉलर. कामगारांच्या जिवाची किंमत दंडाच्या आकड्यावरून करू नये, पण बड्या पथकाच्या एका रात्रीच्या मानधनाशी या आकड्याची तुलना मनात आल्याशिवाय राहत नाही.

एप्रिलमध्ये थॉर्नटन टोमासेटी या अभियंत्यांच्या संस्थेचा अहवाल आला. त्यातली एक तुलना सगळ्या घटनाक्रमाचा सांधा आहे. इंडियानाच्या बांधकाम नियमांनुसार अशी तात्पुरती रचना ताशी ६८ मैलांच्या वाऱ्याला टिकायला हवी होती. त्या रात्रीचा झोत सुमारे ५९ मैलांचा होता. म्हणजे नियमाने जितका वारा गृहीत धरायला सांगितलं होतं, त्याच्या जेमतेम तीन-चतुर्थांश बळाचा वारा आला. दुभाजकांची ताण धरण्याची क्षमता दोन्हींच्या कितीतरी खाली होती. वारा अपवादात्मक होता म्हणणाऱ्यांचं बोलणं इथे संपतं.

हाच हिशेब मुंबईने तेरा वर्षांनी पुन्हा केला. १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर महाकाय होर्डिंग कोसळलं, सतरा माणसं गेली. होर्डिंग दोन्ही बाजूंनी शंभर फुटांहून मोठं होतं. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० ची. व्हीजेटीआय या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या तज्ज्ञांनी पाया तपासला तेव्हा असं आलं की तो ताशी ४९ किलोमीटरच्या वाऱ्यालाच टिकू शकत होता. त्या दिवशी वारा ८७ किलोमीटरचा होता. आणि मुंबईत धरायला हवा होता १५८ किलोमीटरचा. हा १५८ कुणाच्या लहरीने आलेला नाही. वाऱ्याच्या भारासाठीच्या आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात मुंबईचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर दिला आहे, पुण्याचा ३९. चव्वेचाळीसला ३.६ ने गुणलं की १५८. काही आठवड्यांसाठी उभ्या राहणाऱ्या रचनेला या आकड्यात सवलत मिळते, कारण तेवढ्या काळात मोठं वादळ येण्याचा संभव कमी. सवलत म्हणजे शून्य नव्हे, आणि ती किती घ्यायची ते अभियंता ठरवतो. मुकादमाचा अंदाज तिथे चालत नाही. होर्डिंग आणि मांडव या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पण रस्त्यावर चार मजली कमान उभी करणाऱ्या कुठल्याही मंडळाने आपल्या मंडपवाल्याला एवढंच विचारावं, की एकोणपन्नासचा आहे की एकशे अठ्ठावन्नचा, की मधला?

इंडियानाच्या विधिमंडळाने २०१२ मध्ये उघड्यावरच्या मंचाच्या साहित्यासाठी नियम आणले. अमेरिकेतल्या कार्यक्रम व्यवसायातल्या लोकांनी त्याच सुमारास ‘इव्हेंट सेफ्टी अलायन्स’ ही संघटना काढली आणि पुढे मार्गदर्शक पुस्तिका तयार केली. तरीही १६ जून २०१२ ला टोरांटोत ‘रेडिओहेड’च्या कार्यक्रमाआधी काही तास छत कोसळून त्यांचा ड्रम तंत्रज्ञ गेला. त्या दिवशी वाराही नव्हता.

पाच वर्षांनी

नुकसानभरपाईचे दावे डिसेंबर २०१४ मध्ये मिटले, एकूण सुमारे पाच कोटी डॉलर. राज्याचा वाटा १ कोटी १० लाख. एका घटनेसाठी राज्याने पन्नास लाखांहून जास्त देऊ नये अशी कायद्याची मर्यादा होती, वरचे साठ लाख विधिमंडळाने वेगळे मंजूर केले.

एक वाद मात्र उरला. मिड-अमेरिका साउंडचं म्हणणं असं की आमच्यावर दावे झाले तर त्यांचा खर्च आयोगाने सोसायचा, तसं आमच्या भाड्याच्या अटींत लिहिलं आहे. अटी कुठे होत्या? बिलाच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरात. आणि कंपनीची वर्षानुवर्षांची रीत होती आधी काम करायचं, मग बिल पाठवायचं. साहित्य उभारलं जायचं, जत्रा व्हायची, त्यानंतर केव्हातरी कागद टेबलावर यायचा, आयोगाचा माणूस रक्कम बघून सही करायचा. कागदाची मागची बाजू वाचायचं त्याला कारण नव्हतं, त्याला पैसे चुकते करायचे होते.

प्रकरण इंडियानाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. न्यायालयाने २०१६ मध्ये कंपनीची मागणी फेटाळली. दुसऱ्याच्या निष्काळजीपणाचा बोजा आपण उचलू, असं आयोगाने जाणूनबुजून आणि राजीखुशीने कबूल केलं होतं, हे त्या छापील अटींवरून सिद्ध होत नाही, असं न्यायमूर्तींनी ठरवलं. जोखीम कुणाची हे लिहायला कंपनीकडे कागदाची मागची बाजू होती. दुभाजक किती वाऱ्याला सरकेल, हे मात्र त्या कागदाच्या कुठल्याच बाजूला लिहिलेलं नव्हतं.